पीतज्वर, अरण्यातील

वन्य माकडे आणि झाडांच्या ढोलींत वाढणारे डास यांच्यामध्ये फिरत राहणाऱ्या पीतज्वर व्हायरसामुळे होणारा रोग. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांतील उष्ण कटिबंधीय अरण्यांत हा व्हायरस माणसाच्या मदतीशिवाय टिकून राहतो. लाकूडतोडे, शिकारी, खाणकामगार, सैनिक, रस्ते बांधणारे मजूर यांसारखी माणसे अरण्यात शिरली, म्हणजे त्यांना तेथील डासांच्या दंशाने संसर्ग होतो. रोगी गावात वा शहरात परतल्यावर तेथील घरगुती डास त्याचे रक्त शोषतात आणि मग माणूस–डास–माणूस अशी साथ सुरू होऊ शकते. रोगाचा व्हायरस एकच असला, तरी रोगपरिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने पीतज्वराचे ‘अरण्यातील’ व ‘शहरी’ असे दोन प्रमुख प्रकार मानतात. आफ्रिकेत या दोहोंमधील एक तिसरा, मध्यस्थ प्रकारही आढळतो. अरण्यातील चक्र नष्ट करण्याचा उपाय उपलब्ध नसल्यामुळे देवी या रोगाप्रमाणे पीतज्वराचे पृथ्वीवरून समूळ उच्चाटन करणे शक्य नाही. रोगाविषयीचे सर्व प्रतिबंधक धोरण या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

ऐतिहासिक माहिती : सतराव्या शतकात बार्बेडोस (१६४७) व यूकातान (१६४८) येथे उद्‌भवलेल्या साथी या अमेरिका खंडातील पीतज्वराच्या पहिल्या निश्चित साथी समजल्या जातात. व्हायरस मूळचा आफ्रिकेतील असून गुलामांच्या व्यापारातील जहाजांतून, पाण्याच्या पिंपांत वाढणाऱ्या डासांसह, तो अटलांटिकपार गेला. अमेरिका खंडातील व्हायरसाचे पश्चिम आफ्रिकेतील व्हायरसाशी असलेले निकटचे आनुवंशिक साम्य या मताला पुष्टी देते. पुढील अडीचशे वर्षे हा रोग अमेरिकेतील बंदरांचे भय होऊन राहिला.

क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये हा रोग डासामार्फत पसरतो, असे मत मांडले. वॉल्टर रीड यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी सैन्याच्या मंडळाने १९०० मध्ये हाव्हॅना येथे माणसांवर प्रयोग करून ते सिद्ध केले. या कार्यात मंडळाचे एक सदस्य जेसी लेझिअर पीतज्वराने मरण पावले. एडीस ईजिप्ती या घरगुती डासाची पैदास बंद करून विल्यम गॉर्गस यांनी हाव्हॅना व पुढे पनामा कालव्याचा प्रदेश रोगमुक्त केला. या यशामुळे पीतज्वर हा केवळ माणूस आणि एडीस ईजिप्ती यांच्यापुरता मर्यादित रोग असून मोजक्या मोठ्या शहरांतून डास हटविला की रोग आपोआप संपेल, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीशी न जुळणारी निरीक्षणे मात्र अधूनमधून नोंदली जात होती. कोलंबियातील मूसो येथील पाचूच्या खाणींच्या परिसरात १९०७ मध्ये रोबेर्तो फ्रांको व त्यांचे सहकारी यांना अरण्यात काम करणाऱ्या मजुरांत पीतज्वर आढळला होता. १९१४ मध्ये अँड्रू बॅल्फूर यांनी त्रिनिदादमधील वृद्ध रहिवाशांचा एक अनुभव प्रसिद्ध केला : पीतज्वराची साथ येण्यापूर्वी अरण्यात हाउलर माकडे मरून पडलेली दिसतात. या दोन्ही निरीक्षणांकडे त्या काळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

प्रयोगशाळेतील संशोधनाला खरी गती १९२७ मध्ये मिळाली. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पश्चिम आफ्रिका पीतज्वर मंडळातील एड्रिअन स्टोक्स, जोहानेस बाउअर व पॉल हडसन यांनी गोल्ड कोस्टमधील (आताच्या घानामधील) आसिबी नावाच्या रुग्णाचे रक्त भारतातून मिळविलेल्या ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचले. माकड पीतज्वराने मेले आणि रोगाचे कारण सूक्ष्म गाळणीतून पार होणारा व्हायरस आहे, हे स्पष्ट झाले. आफ्रिकी माकडांवर असे प्रयोग निष्फळ ठरले होते. कारण त्यांच्यात संसर्ग झाला, तरी रोग दिसत नाही. भारतीय माकड मात्र या व्हायरसाला फार लवकर बळी पडते. या संशोधनाची किंमतही मोठी होती. स्टोक्स यांचा सप्टेंबर १९२७ मध्ये, हिदेयो नोगुची यांचा मे १९२८ मध्ये व त्यानंतर काही दिवसांतच विल्यम यंग यांचा पीतज्वराने मृत्यू झाला.

१९३२ मध्ये ब्राझीलच्या इस्पीरितू सांतू राज्यातील कनान खोऱ्यात ग्रामीण भागात साथ उद्‌भवली. फ्रेड सोपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून शोध घेऊनही तेथे एडीस ईजिप्ती डास सापडला नाही. रोगी अरण्याच्या कडेला राहणारे शेतकरी होते. पुढील काही वर्षांत अशी उदाहरणे दक्षिण अमेरिकेत अनेक ठिकाणी मिळाली आणि सोपर यांनी ‘अरण्यातील पीतज्वर’ ही संज्ञा रूढ केली. १९३८ मध्ये रेमंड शॅनन, लॉरिंग व्हिटमन व मारीओ फ्रांका यांनी ब्राझीलच्या अरण्यातून पकडलेल्या हीमॅगोगस डासांपासून व्हायरस वेगळा केला, तेव्हा चक्रातील महत्त्वाचा दुवा हाती आला. पीतज्वराचे उच्चाटन करण्याची आशा मात्र याच शोधाने संपुष्टात आणली.

कारणकारी व्हायरस : पीतज्वराचा व्हायरस फ्लॅव्हिव्हायरस कुलातील असून या कुलाला नावही याच रोगावरून मिळाले आहे (लॅटिन ‘फ्लॅव्हस’ म्हणजे पिवळा). डेंग्यू, जपानी मस्तिष्कशोथ, झिका व क्यासनूर अरण्य रोग यांचे व्हायरस याच कुलातील होत. व्हायरसकण गोलाकार असून त्याचा व्यास सु. ५० नॅनोमीटर असतो. त्यात एकपदरी रिबोन्यूक्लिइक अम्लाचा सु. ११,००० घटकांचा एकच रेणू असतो. भौगोलिक प्रदेशांनुसार व्हायरसाचे काही आनुवंशिक प्रकार ओळखता येतात. परंतु त्या सर्वांविरुद्ध एकच लस परिणामकारक ठरते.

डासाच्या शरीरातील वाढ : डासाने व्हायरसयुक्त रक्त शोषले, तरी तो लगेच संसर्गकारक होत नाही. व्हायरस प्रथम डासाच्या आतड्याच्या भित्तीतील कोशिकांत वाढतो, तेथून देहगुहेत व शेवटी लाला ग्रंथींत पोहोचतो. यास उष्ण हवेत साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. हवा थंड असल्यास हा काळ लांबतो. त्यानंतर डास जिवंत असेपर्यंत प्रत्येक दंशाबरोबर व्हायरस टोचू शकतो. यावरून वाहक म्हणून डासाचे महत्त्व त्याच्या आयुर्मर्यादेवर किती अवलंबून आहे, हे लक्षात येईल. आठवडाभर जगणारा डास कितीही संख्येने असला, तरी निरुपद्रवी ठरतो. महिनाभर जगणारा थोडक्या संख्येनेही साथ चालू ठेवू शकतो.

संसर्गित मादीकडून काही अंड्यांत व्हायरस उतरतो, हे १९७९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. त्याच सुमारास सेनेगलमध्ये अरण्यातून पकडलेल्या नर डासांतही व्हायरस सापडला. नर रक्त शोषीत नसल्यामुळे त्याला तो मातेकडूनच मिळाला असला पाहिजे. ढोलीतील डासांची अंडी ढोल कोरडी पडल्यावरही अनेक महिने टिकतात व पावसाचे पाणी भरताच फुटतात. त्यामुळे कोरड्या ऋतूत प्रौढ डास जवळजवळ नाहीसे झाले, तरी व्हायरस पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरू शकतो. या दृष्टीने पीतज्वराचा खरा साठा डासांत असतो. माकड हे त्या व्हायरसाची काही दिवसांपुरती वाढ करणारे पोषक असते. [⟶ डास].

आफ्रिकेतील चक्र : युगांडातील एंटेबे येथे १९३६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पीतज्वर संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील ए. एफ्. महॅफी, के. सी. स्मिथबर्न, ए. जे. हॅडो इत्यादींनी ब्वांबा प्रदेशात केलेले संशोधन या विषयातील पायाभूत कार्य समजले जाते. उंच झाडांवर निरनिराळ्या पातळ्यांवर मचाण बांधून त्यांवर अहोरात्र माणसे बसविण्यात आली व दर तासाला चावावयास येणारे डास पकडून मोजण्यात आले. एडीस आफ्रिकानस हा डास झाडांच्या शेंड्यांजवळ आणि मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या तासाभरात चावतो, असे त्यातून दिसून आले. याच वेळी माकडे रात्रीच्या मुक्कामासाठी उंच फांद्यांवर येऊन बसतात. डास व माकड यांची गाठ अशी रोज संध्याकाळी जमिनीपासून बरीच उंच पडत असल्यामुळे अरण्यातून चालणाऱ्या माणसाला या चक्राची जाणीवही होत नाही.

मग ब्वांबातील खेडुतांना पीतज्वर होतो कसा? याचे उत्तर केळीच्या बागांत सापडले. केळी, अळू यांसारख्या वनस्पतींच्या पानांच्या बगलांत साठलेल्या पाण्यात वाढणारा एडीस सिंप्सोनी गटातील डास (यातील माणसाला चावणाऱ्या जातीला आता एडीस ब्रोमेलिई म्हणतात) दिवसा व जमिनीलगत चावतो. अरण्यातील तांबड्या शेपटीची माकडे केळी खाण्यासाठी बागांत उतरतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या रक्तात त्या दिवशी व्हायरस असला, तर बागेतील डास तो घेतो व पुढे बागेत काम करणाऱ्या माणसाला देतो. अशा रीतीने एक डास झाडाच्या शेंड्यावर व दुसरा जमिनीवर, आणि दोहोंना जोडणारे माकड, अशी साखळी पूर्ण होते.

पश्चिम आफ्रिकेतील दमट सॅव्हाना प्रदेशात, जेथे नदीकाठची अरण्ये व शेते एकमेकांत मिसळलेली असतात तेथे, एडीस फर्सिफर, एडीस टेलोरी व एडीस ल्यूटिओसेफॅलस हे डास माकड आणि माणूस या दोघांनाही चावतात. पावसाळ्याच्या अखेरीस एकाच वेळी अनेक खेड्यांत तुरळक रोगी आढळणे, हे या मध्यस्थ प्रकाराचे वैशिष्ट्य होय. येथूनच एखादा रोगी शहरात गेल्यास मोठी साथ उद्‌भवू शकते. इथिओपियात १९६०–६२ मध्ये आलेल्या साथीत सु. १ लाख लोकांना रोग झाला व सु. ३०,००० मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे.

अमेरिका खंडातील चक्र : येथे व्हायरसाचे वहन हीमॅगोगस व सॅबेथीस या प्रजातींचे डास करतात. दोन्ही डास धातूसारख्या निळ्या, जांभळ्या व हिरव्या झळाळीचे असून दिवसा, विशेषतः दुपारच्या सुमारास, वृक्षच्छत्रात चावतात. हीमॅगोगसाची अंडी झाडांच्या ढोलींत घातली जातात. सॅबेथीस डास अरुंद तोंडाच्या ढोली व बांबूची छिद्रे पडलेली पेरी यांत वाढतात; ते दीर्घायुषी असल्यामुळे कोरड्या ऋतूत त्यांचे महत्त्व वाढते. हीमॅगोगस डास खंडित अरण्यांच्या तुकड्यांमधील मोकळी जागा ओलांडून सु. ११ किमी.पर्यंत गेल्याचे ब्राझीलमधील प्रयोगांत आढळले आहे.

कोलंबियातील व्हीयाव्हीसेन्स्यो येथील प्रयोगशाळेत मार्स्टन बेट्स यांनी या डासांचे झाडांवरील निरनिराळ्या पातळ्यांवरील वास्तव्य अभ्यासले. सामान्यतः उंचावर राहणारे डास झाड तोडले जाताच त्याच्याबरोबर खाली येतात व जवळच्या लाकूडतोड्याला चावतात. अमेरिकेतील अरण्यात हा रोग प्रामुख्याने तरुण पुरुषांना का होतो, याचे कारण त्यामुळे स्पष्ट होते. झाडावर कुऱ्हाड चालविणारा माणूस वृक्षच्छत्रातील चक्र स्वतःच्या पायाशी आणतो.

माकडांतील रोग : दोन खंडांतील माकडांवर होणाऱ्या परिणामांत लक्षणीय फरक आहे. आफ्रिकेतील सर्कोपिथेकस, कॉलोबस, बॅबून इ. माकडांच्या रक्तात काही दिवस व्हायरस आढळतो. परंतु ती बहुधा आजारी पडत नाहीत. दीर्घकालीन सहवासामुळे पोषक व व्हायरस यांच्यात असे समायोजन झाले असावे. पूर्व आफ्रिकेतील गॅलॅगो हा निशाचर प्राणी मात्र याला अपवाद असून तो रोगाला बळी पडू शकतो.

अमेरिकेतील माकडांची या व्हायरसाशी ओळख अवघ्या तीन-चारशे वर्षांची आहे. तेथील हाउलर माकडे अत्यंत संवेदनशील असून संसर्गानंतर थोड्याच दिवसांत बहुसंख्येने मरतात. मार्मोसेट, टॅमरिन व रात्रिंचर आओटस माकडांतही रोग मारक ठरतो. कॅपुचिन माकडांना संसर्ग सहज होतो. पण त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी असते. हाउलर माकडांच्या पहाटेच्या गर्जना कित्येक किलोमीटरांवरून ऐकू येतात. अरण्य अचानक निःशब्द झाले की पीतज्वर आला, हे तेथील रहिवासी अनुभवाने ओळखतात.

माकडाच्या रक्तात व्हायरस साधारणपणे दोन ते पाच दिवसच राहतो. त्यानंतर माकड मरते किंवा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होऊन त्याला आयुष्यभराची प्रतिरक्षा लाभते. याचा परिणाम असा होतो की, एका अरण्यातील संवेदनशील माकडे संपली की व्हायरसाला तेथे थारा उरत नाही व तो पुढच्या अरण्याकडे सरकतो. जन्माने नवी, प्रतिरक्षाहीन माकडे पुरेशी वाढली म्हणजे काही वर्षांनी तो परत येतो. ब्राझीलमधील साथींत दिसणारे सु. सात ते दहा वर्षांचे आवर्तन याच कारणाने घडते. अशा सरकत्या साथीचे उत्तम उदाहरण मध्य अमेरिकेत मिळाले. १९४८ मध्ये पनामाच्या पूर्व भागात सुरू झालेली माकडांतील साथ कोस्टारिका, निकाराग्वा, हाँडुरस असा प्रवास करीत १९५६ च्या सुमारास ग्वातेमालात पोहोचली. हॅरल्ड त्रॅपिदो व पेद्रो गालिंदो यांनी तिचा मागोवा घेतला.

मानवातील लक्षणे : दंशानंतर तीन ते सहा दिवसांच्या परिपाक कालानंतर एकाएकी ताप, थंडी, डोकेदुखी, कंबर व स्नायू दुखणे, मळमळ ही लक्षणे सुरू होतात. तापाच्या मानाने नाडी मंद असणे हे रोगाचे एक वैशिष्ट्य आहे. बहुसंख्य रोगी तीन-चार दिवसांत बरे होतात. सु. १५ टक्के रोग्यांत अल्पकाळ बरे वाटून ताप पुन्हा उलटतो. कावीळ, हिरड्या व नाक यांतून रक्तस्राव, काळी उलटी, मूत्रात प्रथिन येणे व मूत्रपिंडांचे कार्य बंद पडणे या क्रमाने अवस्था गंभीर होते. अशा गंभीर रोग्यांपैकी २० ते ५० टक्के सात ते दहा दिवसांत दगावतात. यकृताच्या खंडिकांच्या मध्य पट्ट्यातील कोशिकांचा नाश हे सूक्ष्मदर्शकीय निदानाचे प्रमुख लक्षण होय. रोगावर विशिष्ट औषध उपलब्ध नाही; शुश्रूषा, द्रवपदार्थांचा समतोल व आवश्यक तेथे रक्त देणे एवढाच उपचार करता येतो. रोगातून उठलेल्या व्यक्तीला आयुष्यभर प्रतिरक्षा मिळते.

पाळत : तापाने दहा दिवसांच्या आत दगावलेल्या व्यक्तींच्या यकृताचा तुकडा एका साध्या उपकरणाने काढून तपासण्याची पद्धत ब्राझीलमध्ये १९३० पासून राबविण्यात आली. अरण्यातील रोगाचा विस्तार मुख्यतः तिच्यामुळे कळला. अलीकडे माकडांच्या मृत्यूंची नोंद हीच धोक्याची पहिली सूचना मानली जाते. मृत माकडाच्या यकृतातील व्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य तपासून निदान करतात व त्या परिसरातील लोकांचे लसीकरण माणसांत रोग दिसण्यापूर्वीच हाती घेतात. आफ्रिकेत माकडे मरत नसल्यामुळे ही सूचना मिळत नाही. तेथे डास पकडून तपासणे व तापाच्या रोग्यांवर लक्ष ठेवणे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

माकडे व मानवी भय : डिसेंबर २०१६ मध्ये ब्राझीलच्या मीनास झेराइस राज्यात अरण्यातील पीतज्वराची साथ सुरू झाली व २०१८ पर्यंत ती इस्पीरितू सांतू, रीओ दे झानेरो व साऊँ पाउलू या दाट वस्तीच्या राज्यांत पसरली. दोन हजारांहून अधिक लोकांना रोग झाला आणि सातशेहून अधिक मृत्यू पावले. या राज्यांचा बराच भाग त्यापूर्वी धोक्याचा मानला जात नसल्यामुळे तेथील लोकांना लस दिलेली नव्हती. सर्व संसर्ग अरण्यातील डासांमुळे झाला; शहरी चक्र सुरू झाले नाही. ब्राझीलमध्ये शहरी पीतज्वर १९४२ नंतर आढळलेला नाही.

याच साथीत हजारो माकडे मेली आणि त्यांत भर म्हणून भयग्रस्त लोकांनी अनेक माकडांना विष घालून व मारहाण करून ठार केले. दक्षिण ब्राझीलमध्ये २००८–०९ च्या साथीतही असेच घडले होते. माकड माणसाला थेट संसर्ग देत नाही. दोघेही डासाचेच बळी होत. शिवाय माकडे नाहीशी झाली तरी संसर्गित डास अरण्यात उरतातच आणि रक्तासाठी ते माणसाकडे वळण्याचा संभव वाढतो. माकडे मारल्याने रोग थांबत नाही, उलट धोक्याची सूचना देणारी एकमेव व्यवस्था नष्ट होते. रीओ दे झानेरो राज्यातील किनारी अरण्यात तग धरून असलेल्या सोनेरी सिंह-टॅमरिन या दुर्मिळ माकडांची संख्या या साथीत सु. एक-तृतीयांशाने घटली. त्यानंतर, २०२१ पासून, तेथील वन्य टॅमरिनांना पकडून मानवी लस देऊन परत सोडण्याचा अभूतपूर्व कार्यक्रम हाती घेण्यात आला व त्यांची संख्या पुन्हा वाढली आहे. कोलंबियात तोलिमा विभागात २०२४–२५ मध्ये उद्‌भवलेल्या साथीने अमेरिकेतील अरण्यातील चक्र किती जोमदार आहे, हे पुन्हा दाखवून दिले.

प्रतिबंध : अरण्यातील प्रत्येक ढोल व बांबूचे पेर यांतील डासांची पैदास थांबविणे अशक्य असल्याने लसीकरण हाच खात्रीचा उपाय ठरतो. मॅक्स थायलर यांनी आसिबी या रुग्णापासून मिळालेला व्हायरस कोंबडीच्या भ्रूणातील ऊतकांत वारंवार वाढवून त्याची मारकता घालविली व १९३७ मध्ये ‘१७-डी’ ही लस तयार झाली. या कार्यासाठी त्यांना १९५१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही हीच लस वापरतात. एका मात्रेने दहा दिवसांत बहुसंख्य व्यक्तींत प्रतिरक्षा निर्माण होते व ती आयुष्यभर पुरते. लसीत जिवंत व्हायरस असल्यामुळे सहा महिन्यांखालील अर्भके, प्रतिरक्षा फार क्षीण झालेल्या व्यक्ती आणि अंड्याची तीव्र अधिहृषता (ॲलर्जी) असणारे यांना ती देत नाहीत. साठ वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत लाभ व धोका यांचा विचार करून निर्णय घेतात.

शहरी चक्र रोखण्यासाठी एडीस ईजिप्तीचे नियंत्रण आवश्यकच असते. ब्राझीलने १९५८ मध्ये या डासाचे उच्चाटन केल्याचे जाहीर झाले होते. परंतु नंतर तो परतला व आता अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत आहे. आफ्रिकेतील अंगोला देशात डिसेंबर २०१५ मध्ये लुआंडा शहरात सुरू झालेली साथ काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकात पसरली. ती आटोक्यात आणताना लसीचा साठा अपुरा पडल्यामुळे किन्शासा शहरात लसीची एक-पंचमांश मात्रा देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये पीतज्वराच्या साथी संपुष्टात आणण्याचा दीर्घकालीन कार्यक्रम सुरू केला. त्याचे उद्दिष्ट व्हायरस नष्ट करणे हे नसून धोक्याच्या प्रदेशातील लोकसंख्या लसीने संरक्षित ठेवणे व शहरी साथ होऊ न देणे हे आहे. आफ्रिकेतील ३४ व मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील १३ देशांत रोग संपूर्णपणे वा अंशतः प्रदेशनिष्ठ आहे.

भारत व पीतज्वर : आशिया खंडात पीतज्वराची साथ कधीही झालेली नाही. भारतात एडीस ईजिप्ती सर्वत्र आहे, हवामान अनुकूल आहे, लोकांना प्रतिरक्षा नाही आणि येथील माकडे व्हायरसाला अत्यंत संवेदनशील आहेत, हे १९२७ च्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. तरीही रोग का आला नाही, याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. पूर्वीच्या काळी संसर्गित माणसे व डास समुद्रमार्गे पूर्वेकडे फारशी आली नाहीत; डेंग्यूसारख्या जवळच्या व्हायरसांमुळे येथील लोकांत अंशतः संरक्षण असावे; आशियातील एडीस ईजिप्ती आफ्रिकी डासाइतका कार्यक्षम वाहक नसावा. यांपैकी एकही स्पष्टीकरण स्वतंत्रपणे पुरेसे मानता येत नाही. २०१६ मध्ये अंगोलाहून परतलेल्या ११ चिनी कामगारांत रोग आढळला, तेव्हा विमानप्रवासाच्या काळात अंतराचे संरक्षण उरलेले नाही, हे उघड झाले.

या शंकेचा भारतात एकदा प्रत्यक्ष अनुभव आला. मार्च १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात वानर व लाल तोंडाची माकडे मरू लागली आणि आसपासच्या खेडुतांना तीव्र ताप येऊ लागला. माकडे व माणसे यांच्यातील या एकसमयी मृत्यूंमुळे पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती निर्माण झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या विषाणू संशोधन केंद्राने (आताच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने) तातडीने तपास केला. टेलफर्ड वर्क यांच्यासमवेत या कामात मध्य अमेरिकेतील पीतज्वराचा मागोवा घेणारे त्रॅपिदोही होते. व्हायरस पीतज्वराच्याच कुलातील पण वेगळा असून तो डासांमुळे नव्हे, तर गोचिडांमुळे पसरतो, असे सिद्ध झाले. हा ‘क्यासनूर अरण्य रोग’ पुढे गोव्यात (२०१५) व महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात (२०१६) काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्या लोकांतही आढळला. तेथेही मेलेले माकड दिसताच आरोग्य खात्याला कळविणे हीच पहिली दक्षता असते.

पीतज्वरग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशांकडे लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असणे भारतात सक्तीचे आहे. प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते व जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. हा काळ रोगाच्या परिपाक कालावरून ठरविलेला आहे. बंदरे व विमानतळ यांच्या परिसरात एडीस डासांची पैदास होऊ न देणे आणि येणाऱ्या विमानांतील व जहाजांतील डासांचा नाश करणे हेही या व्यवस्थेचे भाग होत. या खबरदारीचा हेतू केवळ माणसांचे रक्षण करणे एवढाच नाही. सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत माकडे आणि ढोलींत वाढणारे डास यांनी भरलेली अरण्ये आहेत. व्हायरस एकदा त्यांच्यात रुजला, तर शहरातील साथ लसीने आवरता येईल. परंतु अरण्यातील चक्र पुन्हा मोडता येणार नाही, हे दक्षिण अमेरिकेच्या अनुभवावरून दिसून येते.